कॅल्क्युलेटर वर्गमूळ आणि साइन-टॅन कसे काढतो: कागदावर करून पाहण्याची रीत

कॅल्क्युलेटरला ५२ अंशांचा साइन विचारला, की ०.७८८०१०७५३६ हे उत्तर क्षणार्धात समोर येते. ते आतून कसे येते, याबद्दल दोन समज सर्रास आढळतात. पहिला समज असा, की सगळ्या कोनांची उत्तरे यंत्रात आधीच भरून ठेवलेली असतात. अकरावी-बारावीला लॉगटेबल उघडून आकडा शोधायची सवय झालेली असते, त्यामुळे हा समज स्वाभाविक आहे. पण साध्या हिशेबापुढेही तो टिकत नाही. शून्यापासून नव्वद अंशांपर्यंत दर मिनिटाला (म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाला) एक नोंद धरली तर ५४०० नोंदी होतात, आणि प्रत्येक नोंद दहा अंकी व प्रत्येक अंकाला चार बिट धरले तर २,१६,००० बिटांची जागा लागते. हेवलेट-पॅकर्ड कंपनीने १९७२ साली ३९५ डॉलर किमतीला बाजारात आणलेल्या एचपी-३५ या हातात मावणाऱ्या पहिल्या वैज्ञानिक कॅल्क्युलेटरच्या रॉममध्ये, म्हणजे सूचना कायमच्या साठवून ठेवण्याच्या जागेत, दहा-दहा बिटांच्या ७६८ सूचना होत्या, म्हणजे सगळे मिळून ७,६८० बिट. साइन, कोसाइन, टॅन, लॉग, वर्गमूळ, चारही मूलभूत क्रिया आणि कळा वाचण्याचे काम, हे सारे त्या एवढ्याशा जागेत बसवलेले होते. कोष्टकाला तिथे जागाच नव्हती.

दुसरा समज महाविद्यालयात गणित शिकलेल्यांचा असतो: यंत्र साइनची अनंत मालिका वापरत असणार. केरळमधल्या माधव या गणितज्ञाच्या परंपरेने शोधलेली आणि पुढे युरोपात न्यूटनने स्वतंत्रपणे मांडलेली ही मालिका अचूक आहे, यात शंका नाही. पण नव्वद अंशांच्या जवळच्या कोनासाठी दहा अंकांपर्यंत बरोबर उत्तर हवे असेल तर तिची आठ-नऊ पदे घ्यावी लागतात, आणि प्रत्येक पदाला गुणाकार व भागाकार करावे लागतात. ज्या यंत्रात गुणाकाराची वेगळी जोडणीच नाही, तिथे एकेक गुणाकार म्हणजे पुन्हा डझनावारी बेरजा. म्हणून त्या काळच्या अभियंत्यांनी वेगळी वाट धरली, आणि ती वाट इतकी सरळ आहे की कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही ती चालून पाहता येते. या लेखात तीच रीत टप्प्याटप्प्याने दिली आहे. वाचताना शेजारी कागद ठेवून आकडे स्वतः मांडावेत, कारण नुसते वाचून ही रीत हाती लागत नाही.

यंत्राला काय येते

दशमान पद्धतीवर चालणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये संख्येचा प्रत्येक अंक चार बिटांत वेगळा साठवलेला असतो. एचपी-३५ मधले एक रजिस्टर, म्हणजे एक संख्या ठेवण्याची जागा, चौदा अंकांचे होते: दहा अंक संख्येसाठी, दोन घातांकासाठी आणि दोन त्यांच्या चिन्हांसाठी. अशा रजिस्टरवर यंत्राला तीनच गोष्टी झटपट करता येतात. दोन संख्यांची बेरीज करता येते, वजाबाकी करून बाकी ऋण आली का हे पाहता येते, आणि सगळे अंक एक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकवता येतात. घर सरकवणे म्हणजे दहाने गुणणे किंवा भागणे, आणि त्याला यंत्राला जवळजवळ काहीच कष्ट पडत नाहीत. पुढे जे काही आहे ते या तीन कामांतूनच उभे करायचे आहे, एवढी अट मनात पक्की ठेवावी.

वर्गमूळ: फक्त वजाबाकीने

सुरुवात शाळेत ओझरत्या येणाऱ्या एका गोष्टीपासून करावी. १ पासूनच्या विषम संख्या ओळीने मिळवत गेले की वर्गसंख्या मिळतात: १ + ३ = ४, १ + ३ + ५ = ९, १ + ३ + ५ + ७ = १६. म्हणून १६ मधून १, ३, ५, ७ या संख्या क्रमाने वजा केल्या तर चौथ्या वजाबाकीला शून्य उरते, आणि वजाबाक्यांची संख्या, म्हणजे ४, हेच वर्गमूळ असते. तत्त्व म्हणून हे उत्तम आहे, पण ५४७६ सारख्या संख्येला ७४ वजाबाक्या कराव्या लागतील आणि दहा अंकी उत्तराला तर अब्जावधी. शिवाय किती वेळा वजा केले हे मोजण्यासाठी यंत्राला वेगळे रजिस्टर अडकवून ठेवावे लागेल.

यावर काढलेली तोड म्हणजे मूळ संख्येला आधी ५ ने गुणणे. मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटणारी युक्ती हीच आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबू. विषम संख्यांना ५ ने गुणले की ५, १५, २५, ३५, ४५ अशी माळ तयार होते. या माळेकडे नीट पाहिले तर प्रत्येक संख्येच्या शेवटी ५ आहे, आणि त्या ५ च्या आधीचा आकडा आतापर्यंत किती वजाबाक्या झाल्या ते सांगतो: ५ च्या वेळी शून्य, १५ च्या वेळी एक, २५ च्या वेळी दोन. वेगळे मोजत बसायचे कारणच उरत नाही. वजा करायच्या संख्येतच उत्तर आपोआप लिहिले जाते. हेवलेट-पॅकर्डचे अभियंते विल्यम एगबर्ट यांनी १९७७ साली कंपनीच्या नियतकालिकात ही रीत सविस्तर समजावून दिली होती.

आता ५४७६ चे वर्गमूळ काढू. दशांशचिन्हापासून डावीकडे दोन-दोन अंकांचे गट करावेत: ५४ आणि ७६. संख्येला ५ ने गुणून २७३८० लिहावे आणि शेवटचा ८० हा गट तूर्त बाजूला ठेवावा. उरलेल्या २७३ मधून ५, १५, २५, ३५, ४५, ५५, ६५ ओळीने वजा करावेत. त्यांची एकूण बेरीज २४५ असल्यामुळे २८ उरतात, आणि पुढची संख्या ७५ ही २८ पेक्षा मोठी असल्यामुळे इथे थांबावे. ७५ मधला ७ हा वर्गमूळाचा पहिला अंक.

पुढच्या घरात जाताना दोन गोष्टी कराव्यात. बाकीला बाजूला ठेवलेला गट जोडून २८८० करावे, आणि ७५ मधल्या शेवटच्या ५ च्या आधी एक शून्य घालून ७०५ करावे. पुन्हा वजाबाकी सुरू करावी: ७०५, ७१५, ७२५, ७३५. या चारांची बेरीज बरोबर २८८० भरते, बाकी शून्य उरते आणि वजा करायची पुढची संख्या ७४५ होते. शेवटचा ५ सोडून दिला की उरतो ७४, आणि तेच उत्तर. चौऱ्याहत्तर वजाबाक्यांचे काम अकरांत झाले.

शून्य घालण्यामागचे कारण समजून घेतले की रीत विसरणार नाही. आतापर्यंतचे मूळ ७ असेल तर पुढच्या घराच्या दृष्टीने ते ७० आहे. सत्तराव्या विषम संख्येनंतरची विषम संख्या म्हणजे दोन गुणिले ७० अधिक १, अर्थात १४१, आणि तिची पाचपट ७०५. म्हणजे शून्य घालणे ही लबाडी नसून ७० व्या पायरीवर थेट उडी मारणे आहे. मधल्या साऱ्या वजाबाक्या वरच्या घरात आधीच होऊन गेलेल्या असतात.

एक जागा अशी आहे जिथे हमखास चूक होते. बाकीला गट जोडल्यावरही ती वजा करायच्या संख्येपेक्षा लहान राहिली, तर त्या घरचा अंक शून्य असतो आणि तो गिळून चालत नाही. उदाहरणार्थ ४१२०९ घ्यावे. पाचपट २०६०४५, गट २०, ६०, ४५. पहिल्या गटातून ५ आणि १५ वजा केले की शून्य उरते आणि पुढची संख्या २५ होते, म्हणून पहिला अंक २. शून्य घालून २०५ झाले, पण खाली आलेले ६० त्याहून लहान आहेत; एकही वजाबाकी होत नाही. म्हणून आणखी एक शून्य घालून २००५ करावे आणि ४५ खाली आणून ६०४५ करावे. आता २००५, २०१५ आणि २०२५ वजा केले की शून्य उरते आणि वजा करायची संख्या २०३५ होते. उत्तर २०३.

पूर्ण वर्ग नसलेल्या संख्येला दशांशचिन्हापुढे शून्यांचे गट जोडत राहावे, म्हणजे प्रत्येक फेरीत बाकी शंभरपट करावी. २ च्या वर्गमूळासाठी १० पासून सुरुवात होते. ५ वजा होऊन ५ उरतात (अंक १). ५०० मधून १०५, ११५, १२५, १३५ वजा होऊन २० उरतात (अंक ४). २००० मधून १४०५ वजा होऊन ५९५ उरतात (अंक १). ५९,५०० मधून १४,१०५ पासून चार वजाबाक्या होऊन ३,०२० उरतात (अंक ४). इथवर १.४१४ आले, आणि हवे तितके अंक याच चाकोरीत काढता येतात. दहा अंकांना प्रत्येकी जास्तीत जास्त नऊ वजाबाक्या लागतात. एचपी-३५ ला वर्गमूळ काढायला साधारण एक दशांश सेकंद लागत असे.

शाळेत भागाकार पद्धतीने वर्गमूळ काढायला शिकलेल्यांना हे ओळखीचे वाटले असेल, आणि ते ओळखीचे आहेच. इ. स. ४९९ च्या आर्यभटीयातल्या गणितपादात वर्गमूळाचा जो नियम आहे, त्यातही दोन-दोन घरांचे गट करून, आतापर्यंतच्या मुळाच्या दुपटीने भागत पुढचा अंक काढायचा असतो. माणूस तिथे अंकाचा अंदाज करतो आणि चुकला तर खोडून पुन्हा करतो. यंत्राला अंदाज करता येत नाही, पण कंटाळाही येत नाही; म्हणून अंदाजाच्या जागी वजाबाकी आणि दुपटीच्या जागी पाचाची युक्ती आली.

टॅन: कोन मोडून पुन्हा जोडणे

त्रिकोणमितीय फलांसाठी यंत्र आधी टॅन काढते आणि साइन-कोसाइन त्यावरून मिळवते. पहिले काम कोन आटोक्यात आणण्याचे. अंशांत हे सोपे आहे: १००० अंशांतून ३६० दोनदा वजा केले की २८० उरतात, आणि २८० चा साइन म्हणजे उणे ८० चा साइन. रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात मात्र पूर्ण फेरी पायच्या (π) दुपटीएवढी असते, म्हणून त्या दुपटीने वजाबाकी करावी लागते आणि π यंत्रात ठरावीक अंकांपर्यंतच साठवलेला असतो. त्यामुळे फार मोठ्या रेडियन कोनांची उत्तरे शेवटच्या अंकांत डगमगतात. शक्य तिथे मोठा कोन आपणच लहान करून यंत्राला द्यावा.

यानंतर यंत्राजवळ एक चिमुकले कोष्टक असते. ज्या कोनांचा टॅन १, ०.१, ०.०१, ०.००१ असा असतो, असे हे मोजके कोन आहेत. अंशांत ते असे:

टॅन १ असणारा कोन: ४५
टॅन ०.१ असणारा कोन: ५.७१०५९३
टॅन ०.०१ असणारा कोन: ०.५७२९३९
टॅन ०.००१ असणारा कोन: ०.०५७२९६

आता ५२ अंश मोडू. ५२ मधून ४५ एकदा जातात, ७ उरतात. ७ मधून ५.७१०५९३ एकदा जातात, १.२८९४०७ उरतात. त्यातून ०.५७२९३९ दोनदा जातात, ०.१४३५२९ उरतात. त्यातून ०.०५७२९६ दोनदा जातात आणि ०.०२८९३७ अंश उरतात. म्हणजे मोड झाली १, १, २, २ अशी, आणि वर एक बारीकशी बाकी. ही बाकी रेडियनमध्ये ०.०००५०५०५ होते, आणि इतक्या लहान कोनाचा टॅन हा त्या कोनाएवढाच धरता येतो. त्यातली चूक दशांशचिन्हानंतर दहा शून्ये ओलांडल्यावर सुरू होते.

पुढचा भाग कोन पुन्हा जोडण्याचा. आलेखकागदावर एक बिंदू घ्यावा, त्याचा आडवा निर्देशक क्ष आणि उभा निर्देशक य. सुरुवातीला क्ष = १ आणि य = ०.०००५०५०५, म्हणजे बिंदू त्या बारीक बाकीएवढ्या कोनावर उभा आहे. आता मोड ज्या क्रमाने झाली त्याच्या उलट क्रमाने बिंदू फिरवत न्यावा. फिरवण्याचा नियम असा: ज्या कोनाचा टॅन ट आहे त्या कोनातून फिरवताना नवा क्ष = जुना क्ष वजा ट गुणिले जुना य, आणि नवा य = जुना य अधिक ट गुणिले जुना क्ष. दोन्ही ठिकाणी जुन्याच किमती घ्याव्यात; आधी क्ष बदलून मग तोच नवा क्ष य साठी वापरला तर सगळे उत्तर बिघडते. ट ची किंमत १, ०.१, ०.०१ अशीच असल्यामुळे इथला गुणाकार म्हणजे केवळ घर सरकवणे आहे, आणि यातच या रीतीचे सारे मर्म आहे.

सुरुवात: क्ष = १.००००००००, य = ०.०००५०५०५
ट = ०.००१, पहिल्यांदा: क्ष = ०.९९९९९९४९, य = ०.००१५०५०५
ट = ०.००१, दुसऱ्यांदा: क्ष = ०.९९९९९७९८, य = ०.००२५०५०५
ट = ०.०१, पहिल्यांदा: क्ष = ०.९९९९७२९३, य = ०.०१२५०५०३
ट = ०.०१, दुसऱ्यांदा: क्ष = ०.९९९८४७८८, य = ०.०२२५०४७६
ट = ०.१: क्ष = ०.९९७५९७४०, य = ०.१२२४८९५५
ट = १: क्ष = ०.८७५१०७८५, य = १.१२००८६९५

शेवटी य ला क्ष ने भागावे. उत्तर १.२७९९४१६ येते, आणि कोणत्याही वैज्ञानिक कॅल्क्युलेटरवर टॅन ५२ दाबून पाहिले तर तेच दिसते. कोष्टकातल्या फक्त चार नोंदी आणि सहा फेऱ्या यांतून सात दशांशस्थळांपर्यंत बरोबर उत्तर निघाले. यंत्र आणखी एक-दोन नोंदी वापरते आणि जादा अंक बाळगते, म्हणून त्याचे दहाही अंक जुळतात.

फिरवण्याचा नियम पाहून एखाद्याच्या मनात शंका येईल, की खऱ्या फिरवण्यात साइन आणि कोसाइन दोन्ही लागतात, मग इथे नुसत्या टॅनवर कसे भागले? खऱ्या नियमातून कोसाइन सामाईक बाहेर काढला तर आत टॅनच उरतो. तो बाहेरचा कोसाइन आपण प्रत्येक फेरीत टाकून दिला. त्यामुळे बिंदू मध्यापासून थोडा लांब सरकतो, पण क्ष आणि य दोन्ही एकाच पटीने वाढतात आणि भागाकार करताना ती पट आपोआप जाते. कोन बरोबर आहे, अंतर चुकले आहे, आणि आपल्याला फक्त कोन हवा आहे.

दोन कोनांच्या बेरजेची ‘ज्या’ (म्हणजे साइन) काढण्याचा जो नियम या फिरवण्याच्या मुळाशी आहे, तो भास्कराचार्यांनी ११५० सालच्या सिद्धांतशिरोमणीत, ज्योत्पत्ती प्रकरणात स्पष्ट दिलेला आहे. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. लहान कोनाच्या ज्येवरून मोठ्या कोनाची ज्या बांधत जाण्याची कल्पना आपल्याकडे किती जुनी आहे, हे यावरून कळते.

नव्वद अंशांचे काय होते, तेही याच रीतीत उघड दिसते. ९० मधून ४५ दोनदा जातात आणि बाकी शून्य. क्ष = १, य = ० पासून ट = १ ने फिरवले की क्ष = १, य = १ होते; पुन्हा फिरवले की क्ष = ०, य = २. आता २ ला शून्याने भागायची वेळ येते आणि पडद्यावर एरर झळकतो. नव्वदच्या अगदी जवळच्या कोनांत क्ष इतका लहान उरतो की त्यातली बारीक चूक भागाकारात फुगून येते. अशा कोनांच्या टॅनचे शेवटचे अंक विश्वासाने उतरवून घेऊ नयेत.

साइन आणि कोसाइन

टॅन मिळाला की साइनसाठी त्याचा वर्ग करून १ मिळवावा, त्या बेरजेचे वर्गमूळ काढावे आणि टॅनला त्याने भागावे. इथे १.२७९९४१६ चा वर्ग अधिक १ म्हणजे २.६३८२५०५, त्याचे वर्गमूळ १.६२४२६९२, आणि भागाकार ०.७८८०१०८. कोसाइन हवा असेल तर १ ला त्याच वर्गमूळाने भागावे, म्हणजे ०.६१५६६१५ येतो. म्हणजे एचपी-३५ वर साइनची कळ दाबली, की आत आधी टॅनची रीत चालत असे आणि मग मघाचीच पाचाची वर्गमूळ-रीत कामाला लागत असे. एकच तुकडा दोन ठिकाणी वापरल्यामुळे सूचना वाचत होत्या. या साऱ्याला सुमारे अर्धा सेकंद लागे.

उलटी फले, म्हणजे साइन किंवा टॅनवरून कोन, काढताना हीच वाट उलट चालावी: क्ष आणि य घेऊन बिंदू खाली फिरवत जावा, य ऋण होण्याआधी प्रत्येक कोनातून किती वेळा फिरला ते मोजावे, आणि तितके कोन मिळवावेत.

मूळ रीत आणि तिच्या वाटा

फिरवून कोन गाठण्याच्या या तंत्राला कॉर्डिक म्हणतात. जॅक व्होल्डर यांनी ते अमेरिकेतल्या कॉन्व्हेअर या विमान कंपनीत बी-५८ बॉम्बरच्या दिशादर्शक यंत्रणेसाठी शोधले. १९५६ साली अंतर्गत अहवालात आणि १९५९ साली जाहीरपणे मांडले. त्यांची रीत द्विमान (बायनरी) होती, म्हणून कोष्टकात टॅन १, १/२, १/४, १/८ असणारे कोन होते: ४५, २६.५६५, १४.०३६, ७.१२५ असे पुढे. तिच्यात प्रत्येक कोन एकदाच वापरायचा असतो, कमी पडले तर पुढे आणि जास्त झाले तर मागे. ५२ साठी ४५, मग ७१.५६५, मग मागे ५७.५२९, ५०.४०४, पुन्हा पुढे ५३.९८० असे हेलकावे घेत कोन ५२ वर स्थिरावतो. प्रत्येक फेरी ठरलेली असल्यामुळे अंतर किती वाढणार हेही आधीच ठाऊक असते; म्हणून क्ष = ०.६०७२५३ आणि य = ० पासून सुरुवात केली तर शेवटी क्ष म्हणजे थेट कोसाइन आणि य म्हणजे थेट साइन मिळतो, वर्गमूळाची गरज पडत नाही. एक्सेलमध्ये कोन, क्ष आणि य असे तीन स्तंभ मांडून वीस ओळी खाली ओढल्या तर हे हेलकावे डोळ्यांसमोर पाहता येतात, आणि विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी मला तरी हाच प्रकार अधिक सोयीचा वाटतो. १९७१ साली हेवलेट-पॅकर्डमधल्या जॉन वॉल्थर यांनी याच रीतीत थोडा फेर करून लॉग, घातांक आणि वर्गमूळही तिच्यात बसवले.

जागा आणखी कमी असली की काय होते, ते १९७४ च्या सिंक्लेअर सायंटिफिकमध्ये दिसते. त्यात जेमतेम ३२० सूचना होत्या, म्हणून कोष्टक जवळपास नव्हतेच. बिंदू दर वेळी ०.००१ रेडियनने फिरवत न्यायचा, एवढेच. मोठ्या कोनाला कित्येक सेकंद लागत आणि उत्तराचे पहिले तीन-चार अंकच भरवशाचे असत. वर्गमूळाची कळ तर नव्हतीच. लॉग घेऊन निम्मे करायचे आणि प्रतिलॉग काढायचा.

ज्या यंत्रांत गुणाकार स्वस्त आहे तिथे हिशेब पालटतो. इंटेलच्या १९८० च्या ८०८७ या गणिती चिपमध्ये कॉर्डिक होते, पण १९९३ च्या पेंटियमपासून त्याची जागा बहुपदींनी घेतली. वर्गमूळासाठीही अशा ठिकाणी अंदाज सुधारत जाण्याची रीत सोयीची पडते: २ च्या वर्गमूळाचा अंदाज १.५ धरावा, २ ला त्याने भागावे, दोन्हींची सरासरी घ्यावी, आणि हेच पुन्हा करावे. १.५ वरून १.४१६६६७, मग १.४१४२१६, मग १.४१४२१३५६, बरोबर अंक दर फेरीत साधारण दुप्पट होतात. दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर वर्गमूळाची कळ बिघडली तर हीच रीत वापरावी.

आपला कॅल्क्युलेटर तपासून पाहावा

पडद्यावर दहा अंक दिसत असले तरी बहुतेक कॅल्क्युलेटर आत त्याहून अधिक अंक बाळगतात. २ चे वर्गमूळ काढावे आणि उत्तर न पुसता त्यातून १.४१४२१३५६२ वजा करावे. उत्तर शून्य आले तर यंत्र दिसते तेवढेच अंक ठेवते, ३.७३ गुणिले दहाचा उणे दहावा घात अशासारखे काही आले तर ते पडद्यामागचे अंक आहेत. कॅसिओच्या शालेय वैज्ञानिक कॅल्क्युलेटरच्या माहितीपुस्तिकेत आतल्या आकडेमोडीसाठी पंधरा अंक दिलेले असतात, त्यामुळे तिथे ही बाकी दिसायलाच हवी.

अधिक कठोर परीक्षा ९ या संख्येची आहे. यंत्र अंशांवर ठेवून ९ चा साइन, त्या उत्तराचा कोसाइन, त्याचा टॅन असे ओळीने काढावे, आणि मग उलटा टॅन, उलटा कोसाइन व उलटा साइन घेत परत यावे. उत्तर ९ यायला हवे, प्रत्यक्षात ८.९९९९ किंवा ९.०००० असे काही येऊन पुढे चुकीचे अंक दिसतात. चूक शिरते ती मधल्या कोसाइनच्या पायरीत. ९ चा साइन ०.१५६४३४ आहे, आणि इतक्या लहान कोनाचा कोसाइन ०.९९९९९६२७ असा १ ला चिकटलेला येतो. दहा अंकांतले पहिले पाच नऊ काहीच माहिती सांगत नाहीत, आणि कोनाची सारी ओळख उरलेल्या पाच अंकांवर येऊन पडते. आत पंधरा अंक असणारे यंत्र इथे दहा अंकी यंत्राच्या पुष्कळ पुढे राहते, आणि दोन वेगवेगळे कॅल्क्युलेटर शेजारी ठेवून ही परीक्षा घेतली तर तो फरक लगेच दिसून येतो.